साखर, मीठ आणि पाणी : शरीराचा तोल आणि तो शोधण्याची रीत

मागच्या व्याख्यानात आपण पेशीपाशी थांबलो होतो. पेशीला पडदा असतो आणि त्या पडद्यातून निवडक गोष्टी आत-बाहेर करतात, एवढं आपण पाहिलं. आज दोन विषय एकत्र घेऊ. पहिला, शरीर आपला आतला तोल कसा सांभाळतं. दुसरा, विज्ञानात एखादी गोष्ट "कळली" असं आपण कधी म्हणू शकतो.

पाठ्यपुस्तकात हे दोन वेगळे धडे असतात. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष असा वैज्ञानिक पद्धतीचा धडा सुरुवातीला येतो. आपण तो पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो, कारण या चार शब्दांवाचून कुणाचं काही अडलंय असं तिथे कधी दिसत नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेतलं आहे, आणि ते तुमच्या घरातल्या औषधाच्या डब्यात असण्याची शक्यता आहे : ओआरएसची पुडी. साखर, मीठ आणि आणखी एक-दोन क्षार. एवढीशी गोष्ट सापडायला जवळजवळ १४० वर्षं लागली. का लागली, हे समजलं की आजचे दोन्ही विषय समजले.

आपल्या आतलं पाणी

प्रौढ माणसाच्या वजनापैकी साधारण ६० टक्के पाणी असतं, नवजात बाळात ७५ टक्क्यांच्या आसपास. हे पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात क्षार विरघळलेले असतात. एकोणिसाव्या शतकात क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एक महत्त्वाची गोष्ट मांडली. आपण हवेत राहतो असं आपल्याला वाटतं, पण आपल्या पेशी हवेत राहत नाहीत. त्या एका खारट द्रवात राहतात. बाहेर नागपूरचा मे महिना असो नाहीतर महाबळेश्वरचा डिसेंबर, पेशीच्या भोवतीचं हवामान मात्र फारसं बदलत नाही, आणि ते बदलत नाही म्हणूनच आपण बाहेर मोकळेपणाने हिंडू शकतो.

पुढे अमेरिकेतल्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या सांभाळलेल्या तोलाला होमिओस्टॅसिस असं नाव दिलं. मराठीत आपण समस्थिती म्हणतो. त्या ग्रीक शब्दातल्या "होमिओ"चा अर्थ "तंतोतंत तेच" असा नाही, "त्यासारखं" असा आहे. कॅनन यांनी तो शब्द जाणूनबुजून निवडला होता. रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल या पट्ट्यात राहतं. एका आकड्यावर खिळलेलं नसतं, थोडं वर, थोडं खाली होत राहतं.

तोल म्हणजे स्वस्थ बसणं नव्हे

तोल म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे वाण्याचा स्थिर तराजू येतो. शरीराचा तोल तसा नाही. तो डोंबाऱ्याच्या दोरीवरच्या तोलासारखा आहे. दुरून शांत दिसतो, पण हातातली काठी सारखी हलत असते.

घरातली इस्त्री घ्या. तुम्ही ती सुतीवर लावता. तापली की आतला दिवा विझतो, थंड व्हायला लागली की पुन्हा लागतो. इस्त्रीला तीन गोष्टी लागतात : तापमान ओळखणारं काहीतरी, "किती हवं" ते ठरलेलं, आणि चालू-बंद करणारी कळ. मुख्य म्हणजे ही कळ बदलाच्या उलट दिशेने काम करते. तापलं तर बंद, निवलं तर चालू. याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट सोपी आहे.

आता शरीरात बघा. उन्हात काम केलंत, घाम गेला, रक्त किंचित दाट झालं. किती? एक-दोन टक्के पुरे होतात. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, हा दाटपणा ओळखणाऱ्या पेशी आहेत. त्या दोन कामं करतात. एक, तहान लावतात. दोन, एक संप्रेरक रक्तात सोडायला लावतात. ते किडनीला सांगतं : पाणी सोडू नकोस, परत घे. म्हणून उन्हाळ्यात लघवी कमी आणि गडद होते. पाणी प्यायलात, रक्त पुन्हा पातळ झालं, की संप्रेरक कमी होतं आणि किडनी जादा पाणी सोडून देते. इस्त्रीचा दिवा लागला आणि विझला, तसंच.

यातली उलाढाल किती असते? दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. आतड्याचंही तसंच. आपण खाण्यापिण्यातून दोनेक लिटर पाणी घेतो. शरीर स्वतः लाळ, जठररस, पित्त असं करत आणखी सहा-सात लिटर आतड्यात ओततं. म्हणजे रोज आठ-नऊ लिटर पाणी लहान आतड्यात येतं, आणि शौचावाटे बाहेर जातं ते जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर. बाकीचं सगळं परत शोषलं जातं.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्यात दडलेली आहे. आतड्यात पाण्याचे दोन मोठे प्रवाह सतत चालू असतात. एक आतड्यात येणारा, एक आतड्यातून रक्तात परत जाणारा. जुलाब म्हणजे या दोन प्रवाहांचा हिशेब बिघडणं.

कैरीच्या फोडी

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्वयंपाकघरातून. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं. ते कुठून आलं? फोडीच्या आतून. बाहेर मीठ जास्त झालं, म्हणून पाणी पेशींच्या पडद्यातून बाहेर आलं. उलट मनुका साध्या पाण्यात टाका, त्या फुगतात, कारण आत साखर दाट आहे. पाणी पडद्यातून दाट बाजूकडे जातं. याला परासरण म्हणतात.

याचा अर्थ असा की शरीराला पाणी हलवायचं असेल तर ते पाण्याला धरून ओढत नाही. ते क्षार हलवतं आणि पाणी मागून येतं.

पटकी

आता ज्या आजाराने हा हिशेब सर्वात भयंकर पद्धतीने बिघडतो त्याकडे येऊ. कॉलरा. जुनी माणसं पटकी म्हणत. गावोगावच्या मरीआईच्या देवळांमागे या रोगाची धास्ती आहे. कॉलऱ्याच्या तीव्र रुग्णाला तासाला एक लिटरपर्यंत पातळ जुलाब होऊ शकतात. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्री नसायचा.

१८३१ मध्ये कॉलरा इंग्लंडमध्ये पोचला. तेव्हाचे डॉक्टर अशा रुग्णाचं रक्त काढायचे आणि वर जुलाबाचं औषध द्यायचे. म्हणजे ज्याचं पाणी चाललंय त्याचं आणखी पाणी काढायचे! ती माणसं काही दुष्ट नव्हती. शरीरातला दोष बाहेर पडला पाहिजे, ही त्यांची पक्की समजूत होती. एखादा रुग्ण वाचला की उपचाराने वाचला, दगावला की रोग भारी होता. अशी समजूत कधीच खोटी ठरू शकत नाही. जी समजूत कशानेही खोटी ठरू शकत नाही तिची परीक्षा घेता येत नाही, आणि जिची परीक्षा घेता येत नाही ती सुधारताही येत नाही.

विल्यम ओशॉनेसी नावाच्या २२ वर्षांच्या डॉक्टरने मतं मांडण्याऐवजी मोजमाप केलं. त्याने रुग्णांच्या रक्ताचं पृथक्करण केलं आणि दाखवलं की रक्तातलं पाणी आणि क्षार कमी झाले आहेत. ते वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावी थॉमस लॅटा या डॉक्टरने खारं पाणी थेट शिरेत सोडलं. नाडी लागत नव्हती असे काही रुग्ण उठून बोलू लागले. हेच आजच्या सलाईनचं मूळ. पण निर्जंतुक करणं माहीत नव्हतं, आणि गेलेलं पाणी भरल्यावरही जुलाब चालूच राहतात म्हणून पाणीही देत राहावं लागतं, हे पुरेसं उमगलं नव्हतं. काही वाचले, बरेच गेले, आणि ही रीत कित्येक वर्षं मागे पडली.

विसाव्या शतकात सलाईन रुळलं. पण सलाईनला निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शीर शोधणारा प्रशिक्षित हात हवा. जिथे कॉलरा होतो तिथे नेमक्या याच गोष्टी नसतात.

प्रश्न बदलला

मग तोंडानेच पाणी का दिलं नाही? दिलं होतं, पण साधं पाणी किंवा मिठाचं पाणी दिलं की ते तसंच खालून निघून जाई. त्यावरून समजूत अशी झाली की कॉलऱ्यात आतड्याचं अस्तर सोलून निघतं. अस्तरच नाही तर शोषणार कोण? ही समजूत तर्काला धरून होती. फक्त ती तपासलेली नव्हती.

तिला दोन बाजूंनी धक्का बसला. पहिला कोलकात्यातून. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्हीकडून बांधून त्यात कॉलऱ्याचे जंतू सोडले. तो भाग पाण्याने फुगला. पुढे १९५९ मध्ये त्यांनी दाखवलं की जंतू गाळून काढले आणि नुसता द्रव वापरला तरी आतडं फुगतं. म्हणजे करामत जंतूंनी सोडलेल्या विषाची आहे. इथे प्रयोगाची शिस्त बघा. बांधल्यामुळेच आतडं फुगलं नसेल कशावरून? त्यासाठी विष न घातलेला भागही तसाच बांधून शेजारी ठेवावा लागतो. तो फुगला नाही, तरच विषाकडे बोट दाखवता येतं. या शेजारच्या भागाला नियंत्रण म्हणतात. नियंत्रण नसेल तर आपण जे घडलं ते पाहतो, कशामुळे घडलं ते पाहत नाही.

दुसरा धक्का थायलंडमधून. त्याच सुमारास तिथल्या कॉलरा रुग्णांच्या आतड्यातले बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. अस्तर शाबूत होतं! रोग अस्तर मोडत नव्हता. तो फक्त आतड्यात येणारा प्रवाह वाढवत होता, नळ उघडा राहावा तसा.

तोवर सगळे विचारत होते, "हा नळ बंद कसा करायचा?" आता दुसरा प्रश्न विचारता आला : "परत शोषणारा रस्ता चालू आहे का?"

त्याचं उत्तर औषधाच्या शोधातून आलं नाही. साखर आतड्यातून रक्तात कशी जाते, हे शोधणाऱ्या रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं की ग्लुकोज एकटं आत जात नाही, ते सोडियमबरोबर जोडीने जातं. आतड्याच्या पेशीला एक दार आहे समजा. ते नुसत्या मिठाला उघडत नाही, नुसत्या साखरेलाही उघडत नाही, दोघं मिळून आले की उघडतं. दोघं आत गेले की मागोमाग पाणी जातं, कैरीच्याच नियमाने. आणि कॉलऱ्याचं विष या दाराला हातही लावत नाही. म्हणूनच नुसतं मिठाचं पाणी फुकट जात होतं.

ढाका, १९६८

कागदावर सुरेख जमलं. पण शरीर कागद वाचत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिपिन्समधल्या मनिला इथे असं द्रावण रुग्णांना पाजून पाहिलं, तेव्हा काही रुग्ण दगावले. द्रावण फार दाट होतं. कैरी आठवा. आतड्यात दाट द्रावण गेलं की ते पाणी देण्याऐवजी शरीरातलंच पाणी ओढून घेतं. कल्पना बरोबर, प्रमाण चुकीचं, आणि परिणाम उलटा.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण डॉक्टरांनी दोन गोष्टी पक्क्या केल्या. द्रावणाचा दाटपणा रक्ताच्या जवळपास ठेवायचा. आणि जितकं बाहेर गेलं ते मोजून तितकंच आत द्यायचं. सगळ्या रुग्णांना सुरुवातीला शिरेतून सलाईन देऊन सावरलं. मग एका गटाला तोंडाने किंवा नळीने द्रावण, दुसऱ्या गटाला सलाईनच. तुलना केली तेव्हा द्रावण घेणाऱ्यांना लागणारं सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालं होतं.

बनगाव, १९७१

तीन वर्षांनी बांगलादेशचं मुक्तियुद्ध पेटलं. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळ बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. डॉ. दिलीप महालनबीस तिथे पोचले तेव्हा रुग्ण जमिनीवर दाटीवाटीने पडलेले होते आणि सलाईन संपत आलं होतं. त्यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याच्या सोड्याचं द्रावण वापरायचं ठरवलं. लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा. पाजणारे कोण? रुग्णांचे नातेवाईक. ज्या हातांना शीर शोधता येत नव्हती त्या हातांना कप धरता येत होता.

आधी तिथे शंभरातले सुमारे ३० रुग्ण मरत होते. द्रावण घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३.६ टक्के झालं.

आता मी तुम्हाला एक अडचणीचा प्रश्न विचारतो. हा पुरावा ढाक्याच्या पुराव्याइतका पक्का आहे का? नाही. इथे शेजारी दुसरा गट नव्हता. आधीचे दिवस आणि नंतरचे दिवस यांची तुलना होती. मधल्या काळात आणखी काही बदललं नसेल कशावरून? अशी शंका त्या काळी घेतली गेली, आणि शंका घेणं चूक नव्हतं. पण मरणाऱ्या माणसांसमोर उभं राहून अर्ध्यांना द्रावण द्यायचं नाही, असा प्रयोग कोण करेल? ढाक्याने सांगितलं की द्रावण काम करतं. बनगावने सांगितलं की ते चिखलातही काम करतं, डॉक्टरांच्या हाताशिवायही करतं. दोन्ही प्रकारचा पुरावा लागतो, आणि कुठला पुरावा नेमकं काय सांगतो हे वेगवेगळं ओळखावं लागतं. १९७८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने या द्रावणातल्या शोधाला शतकातली बहुधा सर्वात महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

घरातला प्रयोग फसतो कुठे

एवढं सगळं असूनही आजही जगात दरवर्षी पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं जुलाबाने जातात. आपल्याकडेही घरात अजून ऐकू येतं, "पाणी देऊ नका, जुलाब वाढतील." हे कुठून येतं? निरीक्षणातूनच! बाळाला पाणी पाजलं आणि थोड्या वेळाने त्याला पुन्हा जुलाब झाला. आईने डोळ्यांनी पाहिलं. निरीक्षण खरं आहे, निष्कर्ष चुकला. पाणी दिलं नसतं तरी जुलाब झालाच असता. तुलना झालीच नाही.

दुसरं म्हणजे, आपण मोजतो काय? जुलाब किती वेळा झाले ते. ओआरएस जुलाब लगेच थांबवत नाही. म्हणून घरचे म्हणतात, "दोन पुड्या दिल्या, काही उपयोग नाही." मोजायचं असतं ते वेगळंच. मूल लघवी करतंय का? जीभ ओली आहे का? रडताना डोळ्यांत पाणी येतंय का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जाते का? ही तोलाची खूण आहे. जुलाब शरीर आपलं आपण थांबवतं, बहुतेक वेळा काही दिवसांत. तोवर हिशेब जुळता ठेवायचा, एवढंच ओआरएसचं काम.

आता श्रोत्यांकडून आलेल्या प्रश्नांकडे वळतो.

प्रश्न : पुडी अर्ध्या पाण्यात कालवली तर जास्त ताकद येईल ना?

नाही, उलट होईल. मनिलाची गोष्ट तीच. पुडीवर जितकं पाणी लिहिलं असेल तितकंच घ्या. एक लिटरची असेल तर एक लिटर. आजच्या प्रमाणित पुडीत लिटरमागे साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. पूर्वी ते जास्त होतं. थोडं पातळ द्रावण अधिक चांगलं, असं पुढच्या तुलनांमध्ये दिसलं म्हणून सूत्रच बदललं. शीतपेयात लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आसपास साखर असते, त्यामुळे जुलाबात ते नको. पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का, तेवढं पाहा.

प्रश्न : पुडी नसेल तर?

एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ घातलेली तांदळाची पेजही चालते, कारण तांदळातल्या पिठुळाचं आतड्यात ग्लुकोजच होतं. बाळ अंगावर पीत असेल तर दूध थांबवू नका.

प्रश्न : मग सलाईनची गरजच नाही का?

आहे. मूल मलूल पडलंय, पिऊ शकत नाही, सारख्या उलट्या होतायत, सहा-आठ तास लघवी नाही, शौचात रक्त आहे, तर घरी थांबू नका, दवाखाना गाठा. जो पिऊ शकत नाही त्याला तोंडाने तोल देता येत नाही.

थांबतो. आतड्यातल्या त्या दाराचं आणखी एक काम आहे, ते साखर आणि मधुमेह यांच्याशी जोडलेलं आहे. किडनीतही तसंच दार असतं. पुढच्या व्याख्यानात रक्तातल्या साखरेचा तोल घेऊ. तोवर एक गृहपाठ : तुमच्या घरात आजारपणाबद्दल पक्की मानली जाणारी एक गोष्ट निवडा आणि कागदावर लिहा, की काय दिसलं तर ती चूक आहे असं तुम्ही मान्य कराल.